चौथी बाजू

जन्माला येण्यापूर्वी कोणी माणसाला विचारीत नाही की, 'बाबा रे, तुला आयुष्य सोपे हवे की अवघड?' विचारले असते तर आपल्यापैकी बहुतेकांनी 'सोपे' असेच म्हटले असते, आणि थोड्या हौशी मंडळींनी 'अवघड' म्हणून मागाहून कपाळाला हात लावला असता. हा प्रश्न विचारण्याची सोय फक्त खेळात असते. लगोरी खेळताना 'मी डाव्या हाताने मारतो' म्हणणारा एखादा भिडू प्रत्येक आळीत असायचाच. त्याला नुसते जिंकायचे नसे. अवघड रीतीने जिंकायचे असे. ह्या हौसेत काहीतरी थोर आहे असे मला नेहमीच वाटत आले आहे. पण ते थोरपण नेमके कशात आहे आणि कुठे जाऊन संपते, ह्याचा विचार करण्याची पाळी माझ्यावर आणली ती जपानातल्या किल्ल्यांनी, आणि तीही पाचोऱ्यात, घराच्या ओटीवर.

त्याचे असे झाले की, सुट्टीत नातू घरी आला म्हणजे त्याच्याबरोबर त्याचा संगणक येतो आणि त्या संगणकातून अख्खा जपान देश आमच्या घरी उतरतो. 'शोगुन २' नावाचा हा खेळ क्रिएटिव्ह असेंब्ली ह्या इंग्रज कंपनीने २०११ साली काढला. जपानातले सरदार एकमेकांच्या उरावर बसले होते त्या काळाचा तो खेळ आहे. साल १५४५. आपण एका घराण्याची बाजू घ्यायची, शेती सुधारायची, सैन्य उभारायचे, एकेक किल्ला घेत राजधानीपर्यंत जायचे. पण ह्या सगळ्याच्या आधी खेळ आपल्याला तोच प्रश्न विचारतो, जो विधाता विचारीत नाही. सोपे, साधारण, अवघड, फार अवघड, आणि शेवटची पायरी तर दंतकथेतल्या वीरांसाठीच राखलेली. बोला, काय हवे?

मला वाटले होते की, पायरी चढली म्हणजे शत्रू अधिक शहाणा होत असेल. तसे काही नाही. त्याला शहाणपण मिळत नाही, मदत मिळते: पैशाची, सैनिकांच्या हिमतीची. शत्रू तोच, पारडे तेवढे त्याच्या बाजूने झुकविलेले. शेवटच्या पायरीवर मात्र एक गोष्ट खरोखर बदलते. एरवी हल्ला फसला की खेळ मागे नेता येतो. मेलेली माणसे उठतात, गेलेला किल्ला परत येतो, आणि आपण पुन्हा पहिल्यापासून शहाणे होऊन लढतो. शेवटच्या पायरीवर हे मागे जाणे बंद. झाले ते झाले. नातू म्हणाला, "आबा, खालच्या पायऱ्यांवर मी आधी हल्ला करतो नि मग विचार करतो. इथे आधी विचार करावा लागतो."

मला हे वाक्य फार आवडले. नीतिशास्त्राच्या जाड ग्रंथांतून जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे ह्या पोराने एका वाक्यात सांगितले. केलेली गोष्ट पुसता येत नाही, हे कळल्याखेरीज जबाबदारीला आरंभच होत नाही. पण ह्याच जबाबदारीचा पुढे काय प्रकार झाला, तो ऐकण्यासारखा आहे.

खेळातल्या किल्ल्यापाशी सैन्य पोचले म्हणजे दोन वाटा असतात. एक, चढून जाणे. सैनिक तटाला हातापायांनी बिलगून वर चढतात, काही वरून कोसळतात, काही बाणांनी पडतात. दुसरी वाट, वेढा घालून बसणे. किल्ला आणखी किती ऋतू टिकेल, त्याचा आकडा समोर दिसतो. बटन दाबले की एक ऋतू सरतो; आकडा खाली येतो. आतल्या सैन्याने बाहेर येऊन झुंज दिली तर ठीक. नाही तर आकडा शून्यावर आला की किल्ला आपला. शेवटच्या पायरीवर खेळणाऱ्या, म्हणजे ज्याची माणसे परत उठणार नाहीत अशा, शहाण्या सेनापतीने कोणती वाट धरावी? उघडच आहे. नातवाने वेढा घातला, आणि तेवढ्यात फराळाची बशी पुढे ओढून चिवडा खाऊ लागला.

मी सहज विचारले, "आत किती माणसे आहेत रे?"

"सातशे शिपाई."

"ते नव्हे. बायकापोरे, कासार, न्हावी, म्हातारी माणसे?"

तो हसला. "तेवढं मोजलं तर खेळ कोण खेळेल, आबा?"

ह्या उत्तराचा मला राग आला नाही, कारण ते अगदी खरे होते. खेळ करणाऱ्यांनी पुष्कळ गोष्टी मोजल्या आहेत. अन्नाचा आकडा आहे. मोठा किल्ला बांधला की तो घटतो. सरदाराच्या अब्रूचाही आकडा आहे. घेतलेले शहर लुटले की खजिना भरतो आणि अब्रू उतरते. हिवाळ्यात परमुलखात तळ ठोकला तर थंडीने माणसे दगावतात, तेही हिशेबात धरले आहे. एवढे सूक्ष्म हिशेब करणाऱ्यांनी वेढ्याच्या आत भूक मात्र आकड्याच्या पलीकडे जाऊ दिली नाही. वेढा म्हणजेच भूक. आणि तिचेच तोंड तेवढे झाकून ठेवले आहे.

आपल्याकडे ह्या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांतला भेद आपल्या आयाबहिणींना उपदेशाशिवाय कळतो: उपवास आणि उपासमार. आषाढीला पोट रिकामे असते आणि दुष्काळातही रिकामेच असते. पोटातली कालवाकालव दोन्हीकडे सारखीच. मग एकाने माणूस ताठ होतो आणि दुसऱ्याने वाकतो, असे का व्हावे? भेद भुकेत नाही, दारात आहे. उपवास करणाऱ्याच्या स्वयंपाकघराचे दार आतून उघडते. उपाशी राहणाऱ्याचे बाहेरून लावलेले असते. डाव्या हाताने लगोरी मारणारा भिडू, हिमालय चढणारा गिर्यारोहक, शेवटच्या पायरीवर खेळणारा माझा नातू, हे सारे उपवास करणारे. त्यांचे कौतुक अवश्य करावे. परंतु वेढ्यात एक चमत्कारिक उलटापालट होते: अवघड वाट निवडणारा बाहेर असतो आणि अवघड दिवस काढणारे आत. अवघडपणाची निवड एकाची आणि भोग दुसऱ्याचे, असे झाले की त्या निवडीतले थोरपण कुठे उरते?

खेळातल्याच काळातली खरी गोष्ट घ्या. १५८१ साली हिदेयोशीने तोत्तोरीच्या किल्ल्याला वेढा घातला. असे सांगतात की, वेढ्यापूर्वीच त्याने व्यापाऱ्यांकडून त्या भागातला तांदूळ चढ्या भावाने विकत घेवविला. दोन पैसे जास्त मिळतात म्हणून किल्ल्यातलाही तांदूळ बाहेर गेला. मग भोवतालच्या खेड्यांतली रयत किल्ल्यात पळून जाईल अशी तजवीज केली, म्हणजे खाणारी तोंडे वाढली. आणि मग वाट बघितली. काही महिन्यांत आत झाडांची पाने संपली, घोडे संपले, आणि पुढे जे झाले ते सणासुदीच्या अंकात लिहू नये असे आहे. अखेर किल्ल्याचा सरदार किक्कावा त्सुनेइए ह्याने आपल्या प्राणांच्या बदल्यात बाकीच्यांची सुटका मागून घेतली आणि स्वतःचे पोट चिरून घेतले. दार उघडले, बाहेर आलेल्यांना पेज मिळाली, आणि इतक्या दिवसांच्या उपाशी पोटी ती घाईने प्यायल्यामुळेही कित्येक दगावले. हिदेयोशीची फौज जवळजवळ शाबूत राहिली. सेनापती म्हणून त्याला शंभर गुण द्यावे लागतील. माझ्या नातवानेही हेच केले असते, किंबहुना ओटीवर तो हेच करीत होता.

जपान फार दूर आहे असे कोणी म्हणेल, म्हणून आमच्या खानदेशाकडे वळतो. पाचोऱ्याहून रेल्वेने भुसावळ गाठावे, तापी ओलांडून बऱ्हाणपुरास उतरावे, आणि खंडव्याच्या वाटेने थोडे उत्तरेकडे गेले की असीरगड दिसतो. हा फारुकी सुलतानांच्या खानदेशाचा आधार. १६०० साली अकबर बादशहा स्वतः तिथे आला. गडावर दाणागोटा भरपूर, पाणी भरपूर, तोफा भरपूर. चढून जाणे अशक्य. वेढा महिनोन् महिने चालला आणि १६०१ च्या जानेवारीत गड पडला. कसा पडला, ह्याविषयी दोन तोंडे दोन गोष्टी सांगतात. दरबारी इतिहासकार गडावरच्या रोगराईकडे बोट दाखवितो. जेझुइट पाद्र्यांचा वृत्तान्त म्हणतो की, सुलतान बहादुरशहाला सुरक्षिततेचे वचन देऊन खाली बोलाविले आणि अडकवून ठेविले; मग उरलेल्यांसाठी सोन्याच्या किल्ल्या चालविल्या. खरे काय ते बहादुरशहाला ठाऊक. परंतु दोन्ही गोष्टींत एक साम्य आहे: तट कोणीच फोडला नाही. एकीत माणसांची शरीरे फुटली, दुसरीत दिलेला शब्द फुटला.

शब्दाची गोष्ट निघाली म्हणून थाळनेर आठवते. तापीकाठचे हे गाव आज धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात आहे. एके काळी फारुकींची ती राजधानी. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेशातला आपला मुलूख इंग्रजांना दिला, आणि २७ फेब्रुवारीला सर टॉमस हिस्लॉपची फौज थाळनेरपुढे उभी राहिली. किल्लेदार तुळशीराम मामा. आधी त्याने किल्ला द्यायचे नाकारले, तोफा चालल्यावर तो बाहेर येऊन स्वाधीन झाला. आतल्या अरब शिपायांशी बोलणे नीट झाले नाही. दिंडीतून आत शिरलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांवर हत्यार चालले, त्यात दोघे ठार झाले. आणि मग आतल्या सुमारे तीनशे माणसांची कत्तल झाली. स्वाधीन झालेल्या किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिले. पुढे खुद्द ब्रिटिश पार्लमेंटात ह्या फाशीविषयी प्रश्न उठले, एवढी ती त्यांच्याही पचनी पडेना. त्सुनेइएने प्राण दिले आणि दार उघडले. तुळशीरामाने दार उघडले आणि प्राण गेले. वेढ्यात सर्वांत नाजूक वस्तू तट नसतो. आतल्याने बाहेरच्यावर ठेवलेला विश्वास असतो.

कोणी विचारील की, चढून जाऊन हजारो मारण्यापेक्षा वेढा सौम्यच नाही का? प्रश्न खोटा नाही. वेढ्यात रक्त कमी सांडते हे अनेकदा खरे असते. परंतु ते कोणाचे कमी सांडते? चढाईत मरणारा हा हत्यार हाती घेतलेला शिपाई असतो. वेढ्यात आधी मरते ते मूल, मग म्हातारा, मग आजारी, आणि सर्वांत शेवटी शिपाई, कारण उरलेला दाणा लढणाऱ्यालाच मिळतो. म्हणजे वेढा हिंसा कमी करीत नसून तिचा पत्ता बदलतो. शिवाय तो मारणाऱ्याचे हात स्वच्छ ठेवतो. 'मी कुठे मारले? मी तर नुसता बसून होतो,' असे म्हणण्याची त्याला मुभा राहते.

ही मुभा जगाने फार काळ मान्य केली. लेनिनग्राडचा वेढा सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत चालला. लाखो नागरिक भुकेने आणि थंडीने गेले. पुढे १९४८ साली न्यूरेंबर्ग येथे जर्मन सेनापती फॉन लेब ह्याच्यावर खटला चालला तेव्हा अमेरिकन न्यायाधीशांनी त्याला ह्या वेढ्याच्या बाबतीत दोषी धरले नाही. कायदा निराळा असता तर बरे झाले असते, पण आहे तो असा आहे, असा त्यांच्या निकालाचा सूर होता. नागरिकांना उपाशी मारणे हे युद्धाचे साधन म्हणून वापरू नये, हे जिनीव्हा करारांच्या पुरवणीत लिहिले गेले ते १९७७ साली. माणूस किती उशिरा शहाणा होतो पाहा. आणि शहाणपण कागदावर आल्यावरही वेढे काही थांबलेले नाहीत.

मग वेढा घालूच नये का? असे म्हणणे सोपे आहे, पण इतिहास एवढा सोपा नसतो. आम्हां मराठी माणसांच्या आठवणीतले वेढे बहुधा आतून पाहिलेले असतात. १६६० चा पन्हाळा, पुढे वर्षानुवर्षे झुंजलेला रामशेज, आठ वर्षे लढलेली जिंजी. प्रत्येक ठिकाणी आपण मनाने तटाच्या आतच उभे असतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे, एका झऱ्यावर विसंबून राहू नये, असे बजावले आहे. आतून विचार करणाऱ्याला पाणी आधी सुचते, तोफा नंतर. पण आम्ही बाहेरूनही वेढे घातले आहेत. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई वेढली. तिथे उपासमारीवर भिस्त ठेवून बसून राहिले नाहीत. सुरुंग लावले, तटावर चढले, हजारो मराठे पडले. आणि मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले तेव्हा त्यांना मुदत देऊन बायकामुले आणि चीजवस्तू घेऊन सन्मानाने जाऊ दिले. अवघडपणाची किंमत बरीचशी वेढणाऱ्यानेच मोजली आणि अखेरीस वेढलेल्याला दार दिले. विजय ह्यामुळे उणा झाला असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

ह्या दाराचा विचार फार जुना आहे. चीनमधल्या सुन त्झूच्या युद्धशास्त्रात घेरलेल्या सैन्याला एक वाट मोकळी ठेवावी असे सांगितले आहे. त्याचे कारण व्यवहारी, की कोंडलेला माणूस जिवावर उदार होऊन लढतो. बाराव्या शतकातला ज्यू धर्मशास्त्री मैमोनिदीस सांगतो की, शहराला वेढा घालावा तो तीनच बाजूंनी. चौथी बाजू, ज्याला जीव वाचवून जायचे असेल त्याच्यासाठी सोडावी. एकाने दार ठेवले ते आपली माणसे वाचावीत म्हणून, दुसऱ्याने ठेवले ते समोरची वाचावीत म्हणून. कारणे दोन, पण दार एकच. हे दार ज्या वेढ्याला आहे तो युद्धाचा एक प्रकार. ज्याला नाही तो नुसता गळफास.

मी हे सारे नातवाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मग बुद्धिबळात तरी विधवा कुठे असतात?" बरोबर आहे. खेळाने सर्व काही मोजले पाहिजे असा हट्ट धरला तर जगात एकही खेळ उरणार नाही, आणि दिवाळीत मुलांनी अंगणात मातीचे किल्ले करून मावळे मांडणेही बंद करावे लागेल. पण बुद्धिबळाचा राजा कधी भूक दाखविण्याचा आव आणीत नाही. हा खेळ चेरीचा मोहोर दाखवितो, पडणारे बर्फ दाखवितो, सैनिकाच्या चिलखतावरचे दोर दाखवितो. म्हणून त्याने जे दाखविले नाही ते नव्हतेच, असे डोळ्यांना वाटू लागते. खेळू नको असे मी म्हणालो नाही. खाली उतरत जाणाऱ्या त्या आकड्याच्या मागे काय आहे, ते ठाऊक असून खेळ, एवढेच म्हणालो. त्याने मान हलविली आणि पुढचा ऋतू सरकविला. तरुण माणसाकडून ह्याहून जास्त अपेक्षा करू नये.

आणि खरे विचाराल तर मला काळजी संगणकातल्या वेढ्याची नाहीच. संगणकाबाहेर आपण जे वेढे घालतो त्यांची आहे. दोन भावांत बांधावरून वाकडे येते. थोरला धाकट्याची शेतात जायची वाट अडवितो, सामाईक विहिरीवरची पाण्याची पाळी देत नाही आणि ओसरीवर बसून राहतो. तो कोणाला काठी मारीत नाही. घरात सासूसुनेचा अबोला महिनोन् महिने चालतो. कोणी कोणाला वाईट शब्द बोललेले नसते, कारण कोणी बोलतच नसते. जातपंचायत एखादे कुटुंब वाळीत टाकते. त्यांच्या घरी कोणी लग्नाला जात नाही, मयतीला खांदा देत नाही, दुकानदार मीठ देत नाही. हात कोणीच उचललेला नसतो. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणे महाराष्ट्राला २०१६ साली भाग पडले, ते ह्या न उचललेल्या हातांमुळे. ह्या प्रत्येक वेढ्यात बाहेर बसलेल्याला आपण किती सोशीक आहोत, किती वाट पाहतो आहोत, ह्याचा अभिमानच वाटत असतो. आणि आत कोणाचा तरी आकडा एकेक ऋतूने खाली येत असतो. पुष्कळदा भांडण ज्याच्याशी आहे त्याचा नव्हे, तर त्याच्या पोराबाळांचा.

भांडणे होणारच. हक्कासाठी अडून बसावे लागते, अन्यायाला नाही म्हणावे लागते, कधी कधी एखाद्याशी व्यवहार तोडावाही लागतो. सगळ्यांशी सदैव गोड राहावे असला सणासुदीचा उपदेश मला करायचा नाही. तो कोणी पाळीत नाही. पण अडून बसणाऱ्याने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. ह्या अडण्याची झळ मी सोसतो आहे, की ज्याने काहीच निवडलेले नाही असा कोणी तिसरा? आणि समोरच्याला मान राखून बाहेर पडायला मी एखादी वाट ठेवली आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेहमी आपल्या हाती नसते. दुसऱ्याचे असते. एखादा निरोप, एखाद्या मध्यस्थाला दिलेला होकार, मुलांच्या हाती शेजारी पाठविलेला फराळाचा डबा, एवढ्यानेही चौथी बाजू मोकळी होते. तीन बाजूंनी आपला हक्क खुशाल उभा राहू द्यावा.